स्वदेशी भांडार ते वैभवी दालन : बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सचा इतिहास आणि वारसा

बीजसंज्ञा : स्वदेशी चळवळ, डिपार्टमेंट स्टोअर, लोकमान्य टिळक, सहकार, खादी, ग्राहक, नाशिक

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात स्वदेशी चळवळीचा विचार प्रामुख्याने राजकीय अंगाने झालेला आहे. बंगालची फाळणी, बहिष्काराचा ठराव, परदेशी कापडाच्या होळ्या, लोकमान्य टिळकांची चतुःसूत्री आणि त्यानंतरची दडपशाही हे टप्पे सर्वपरिचित आहेत. परंतु परदेशी वस्तू वर्ज्य केल्यानंतर देशी वस्तू मिळणार कोठे, कोणत्या भावाने आणि तिच्या देशीपणाची खात्री कोणी द्यावयाची, हे प्रश्नही चळवळीपुढे तितकेच निकडीचे होते. होळी एका दिवसात पेटविता येते. दुकान मात्र रोज उघडावे लागते. या दृष्टीने १९०५-०६ या काळात मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स कंपनी लिमिटेड’ या संस्थेचा इतिहास अभ्यासनीय ठरतो.

हे दुकान पुढे ‘बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स’ आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘द बॉम्बे स्टोअर’ या नावाने ओळखले गेले. परदेशी चैनीच्या मालाला पर्याय म्हणून जन्मलेली ही संस्था कालांतराने स्वतःच उच्चभ्रू ग्राहकांच्या आणि पर्यटकांच्या पसंतीचे दालन बनली. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात स्वदेशीच्या मूळ आशयाचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. मुंबईतील वसाहतकालीन डिपार्टमेंट स्टोअर्सचे स्वरूप समजून घेणे.
२. बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सच्या स्थापनेमागील वैचारिक व आर्थिक प्रेरणांचा परामर्श घेणे.
३. नाशिक परिसराच्या संदर्भात स्वदेशी व्यापाराचे महत्त्व स्पष्ट करणे.
४. या संस्थेच्या वारशाचे मूल्यमापन करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित साधनांतून उपलब्ध होणाऱ्या माहितीवर आधारलेले आहे.

डिपार्टमेंट स्टोअर : एका नव्या बाजाराचा उदय

डिपार्टमेंट स्टोअर ही एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक युरोपची निर्मिती होय. पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या दुकानाची सूत्रे १८५२ मध्ये आरिस्तीद बुसिको याने हाती घेतली आणि किरकोळ व्यापाराचे स्वरूप पालटले. वस्तूवर लिहिलेला एकच भाव, खरेदीची सक्ती नसलेला मुक्त प्रवेश, नापसंत माल परत घेण्याची सोय, कमी नफ्यावर मोठा उठाव आणि एकाच छताखाली अनेक विभाग ही या पद्धतीची प्रमुख वैशिष्ट्ये होती. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचा विषयच असे दुकान हा केला. भोवतालच्या लहान दुकानदारांची त्यामुळे होणारी वाताहतही त्याने चित्रित केली. लंडनमध्ये १९०९ साली सुरू झालेल्या ‘सेल्फ्रिजेस’ने या दुकानांना नागरी करमणुकीच्या स्थळाचे रूप दिले.

भारतीय पेठेची रीत याहून सर्वस्वी भिन्न होती. येथे दुकान पेढीच्या किंवा घराण्याच्या नावाने ओळखले जाई. गिऱ्हाईक बैठकीवर बसे, दुकानदार ठाण उलगडून दाखवी, घासाघीस होई आणि उधारी वहीत मांडली जाई. भाव हा वस्तूवर लिहिलेला नसून दोन माणसांच्या संबंधांतून ठरत असे. या पद्धतीत विश्वास होता, तसेच अनोळखी गिऱ्हाइकाच्या फसवणुकीलाही वाव होता. एकभावी दुकानाने हा वैयक्तिक विश्वास संस्थेच्या नावावर आणून ठेवला. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांना याच गोष्टीचे आकर्षण वाटले असल्यास नवल नाही.

मुंबईतील साम्राज्याची दुकाने

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कोट भागात युरोपीय पद्धतीची मोठी दुकाने उभी राहिली. त्यांपैकी दोन संस्थांचा येथे विशेष विचार करणे आवश्यक आहे.

पहिली संस्था म्हणजे ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’. लंडनमध्ये १८७१ साली लष्करी व आरमारी अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन केली. मध्यस्थांचा नफा टाळून सभासदांना वाजवी भावात चांगला माल मिळावा, हा तिचा हेतू होता. सभासदत्व अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि तत्सम वर्गापुरते मर्यादित होते. संस्थेने १८९१ मध्ये मुंबईत आपले पहिले भारतीय भांडार उघडले. त्यानंतर कराची आणि कलकत्ता येथेही तिचा विस्तार झाला. काळा घोडा परिसरातील तिची इमारत आजही तिच्या नावाने ओळखली जाते. संस्थेची जाडजूड सूचिपत्रे तंबू, बंदुका व उन्हाळी टोप्यांपासून चिनी मातीच्या भांड्यांपर्यंत असंख्य वस्तूंनी भरलेली असत. रेल्वे व टपालव्यवस्थेमुळे दूरच्या छावण्यांतही या सूचिपत्रांवरून माल मागविता येत असे.

दुसरी संस्था म्हणजे ‘व्हाइटअवे, लेडलॉ अँड कंपनी’. स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट लेडलॉ याने १८८२ मध्ये कलकत्त्यात तिची स्थापना केली आणि पुढे आशियातील अनेक वसाहती शहरांत तिच्या शाखा पसरल्या. ही कंपनी रोखीने व्यवहार करण्याबद्दल प्रसिद्ध होती. ‘ताबडतोब, आणि पैसे मोजून’ अशा अर्थाची इंग्रजी कोटी तिच्या नावावर रूढ झाली होती. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, तिची भव्य इमारत होती. रस्त्याला मिळालेले पुढचे नाव आणि इमारतीचे पुढचे भवितव्य या दोहोंतही इतिहासाचा विलक्षण योग आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

भारतीय व्यापारीही या क्षेत्रात अगदीच अनुपस्थित नव्हते. १८९७ पासूनचा इतिहास सांगणारे ‘अकबरअलीज’ हे मुंबईतील दुकान पुढे डिपार्टमेंट स्टोअर म्हणून नावारूपास आले. तथापि, विसाव्या शतकाच्या आरंभी कोट भागातील मोठ्या दुकानाची प्रतिमा युरोपीयच होती. तेथील माल, तेथील सजावट आणि तेथे मिळणारी वागणूक यांतून साम्राज्याची प्रतिष्ठा व्यक्त होत असे.

स्वदेशी दुकानाची पूर्वपीठिका

स्वदेशी दुकानाची कल्पना १९०५ मध्ये एकाएकी उद्भवली नाही. महाराष्ट्रात तिची मुळे १८७० च्या दशकात सापडतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या दशकाच्या आरंभी पुण्यात व्यापारविषयक व्याख्याने देऊन देशी उद्योगाचा प्रश्न सुशिक्षितांपुढे मांडला. रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला होता. सार्वजनिक सभेचे एक प्रमुख संस्थापक गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका यांनी हा विचार आचरणात आणला. देशी मालाच्या विक्रीसाठी त्यांनी दुकाने काढण्याचा उद्योग केला. १८७७ च्या दिल्ली दरबारास हातकताईच्या जाड्याभरड्या वस्त्रांत उपस्थित राहून त्यांनी आपले व्रत जगजाहीर केले. त्यांच्या दुकानांना दीर्घायुष्य लाभले नाही. व्यक्तिगत त्यागावर उभी राहिलेली दुकाने भांडवल, मालाचा नियमित पुरवठा आणि हिशेबाची शिस्त यांच्या अभावी टिकत नाहीत, हा धडा मात्र त्यांतून मिळाला.

बंगालमध्येही फाळणीपूर्वीच असे प्रयत्न झाले होते. कलकत्त्यात १९०१ मध्ये ‘इंडियन स्टोअर्स’ आणि १९०३ मध्ये सरलादेवी यांचे ‘लक्ष्मीर भांडार’ सुरू झाले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराचा ठराव झाला आणि १६ ऑक्टोबर १९०५ रोजी फाळणी अमलात आली. दरम्यान ऑक्टोबरातच पुण्यात विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने परदेशी कापडाची होळी झाली. टिळकांनी ‘केसरी’तून बहिष्काराचा सातत्याने पुरस्कार केला. बंगालचे गाऱ्हाणे अशा रीतीने महाराष्ट्राचे झाले, आणि त्याच सुमारास मुंबईत स्वदेशी भांडाराची योजना आकारास आली.

बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सची स्थापना

या कंपनीच्या उभारणीत लोकमान्य टिळक, जमशेटजी टाटा यांचे कनिष्ठ पुत्र रतनजी जमशेटजी टाटा आणि कापडव्यापारातील अग्रणी मनमोहनदास रामजी यांची नावे प्रामुख्याने येतात. काही लोकप्रिय लेखनात टिळकांसमवेत स्वतः जमशेटजी टाटा यांनी हे दुकान स्थापन केल्याचे सांगितले जाते. ते कालक्रमाशी विसंगत आहे. जमशेटजींचे निधन मे १९०४ मध्ये, म्हणजे फाळणीच्याही वर्षभराहून अधिक काळ आधी झाले होते. मात्र १८८६ मध्ये त्यांनी आपल्या गिरणीला ‘स्वदेशी’ हे नाव दिले होते. हा विचार टाटा घराण्यास नवा नव्हता, एवढे त्यावरून म्हणता येते.

या तीन नावांचे एकत्र येणे राजकीयदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. टिळक हे जहाल राजकारणाचे नेते, तर मुंबईचा धनिकवर्ग सामान्यतः सर फिरोजशहा मेहता यांच्या मवाळ नेतृत्वाकडे झुकलेला होता. बहिष्कार हे राजकीय शस्त्र मानावे की नाही, याविषयी या दोन पक्षांत तीव्र मतभेद होते. परंतु स्वदेशी मालाच्या विक्रीविषयी एकमत होऊ शकत होते; कारण ती राष्ट्रसेवाही होती आणि व्यापारही. गिरणीमालकाला बाजारपेठ हवी होती, चळवळीला माल हवा होता. दुकानाच्या गल्ल्यापाशी या दोन गरजांची भेट झाली. पुढे हे दुकान दीर्घकाळ ज्या रस्त्यावर नांदले, तो कोट भागातील रस्ता सर फिरोजशहा मेहता यांच्याच नावाचा आहे. टिळकांच्या दुकानाला मेहतांच्या रस्त्यावर स्थैर्य लाभावे, हा योगायोग असला तरी तो या तडजोडीचे यथार्थ प्रतीक ठरतो.

नाव सहकाराचे, रूप कंपनीचे

संस्थेच्या मूळ नावातील ‘को-ऑपरेटिव्ह’ हा शब्द बारकाईने पाहण्याजोगा आहे. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथील कामगारांनी ग्राहक सहकाराचा पाया घातला होता. त्यांच्या पद्धतीत ग्राहक हाच मालक असून नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत मिळत असे. भारतात सहकाराचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. पण तो केवळ पतसंस्थांपुरता मर्यादित होता. इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना कायदेशीर मान्यता मिळण्यासाठी १९१२ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. साहजिकच १९०५-०६ मध्ये स्थापन होणाऱ्या भांडाराला सहकारी संस्था म्हणून नोंदणीचा मार्ग उपलब्ध नव्हता. भागभांडवलाची मर्यादित कंपनी हाच पर्याय उरत होता.

येथे आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सशी असलेले साम्य लक्षात येते. तिच्याही मूळ नावात ‘को-ऑपरेटिव्ह’ हा शब्द होता आणि तीही व्यवहारात मर्यादित कंपनीच होती. एक संस्था राज्यकर्त्यांच्या अधिकारीवर्गाने स्वतःच्या सोयीसाठी काढलेली, तर दुसरी त्या राज्याचा आर्थिक पाया हलविण्याच्या उद्देशाने निघालेली. तरीही दोघींनी एकच शब्द आणि एकच संघटनरूप स्वीकारले. शत्रूच्या शस्त्रागारातील साधन आपल्या कार्यासाठी वापरण्याची ही दृष्टी टिळककालीन राजकारणाशी सुसंगतच म्हणावी लागेल.

कंपनीचे रूप घेण्याचे दोन परिणाम झाले. पहिला लाभदायक होता. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेस पाठविण्यात आले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याच्या निषेधार्थ सहा दिवस संप केला. चळवळीच्या अनेक सभा-संघटना यानंतर विस्कळीत झाल्या. कंपनी मात्र टिकली. कारण तिचे अस्तित्व कोणा एका नेत्याच्या उपस्थितीवर अवलंबून नव्हते. सार्वजनिक काकांच्या दुकानांना जे साधले नाही, ते कायदेशीर व्यक्तित्व लाभलेल्या या कंपनीला साधले. दुसरा परिणाम दूरगामी होता. कंपनीची अंतिम बांधिलकी भागधारकांशी असते. चळवळीचा जोर ओसरल्यानंतर दुकानाने कोणाची सेवा करावी, याचा निर्णय बाजार घेणार हे या रचनेतच निश्चित झाले होते.

भाव, खात्री आणि ग्राहक

स्वदेशी दुकानापुढील पहिली अडचण भावाची होती. मँचेस्टरचे कापड तलम आणि स्वस्त होते. देशी गिरण्यांचे कापड तुलनेने जाड असे आणि मागणी वाढताच त्याचे भावही वाढले. मुंबई-अहमदाबादचे गिरणीमालक स्वदेशीच्या लाटेवर नफा कमावीत असल्याची तक्रार बंगालमधून होत असे. ज्याची मिळकत महिना पाच-सात रुपये, त्याच्यासाठी धोतरजोडीमागे काही आणे अधिक मोजणे ही देशभक्तीची नव्हे, पोटाची बाब होती. त्यामुळे संघटित स्वदेशी दुकानाचा पहिला ग्राहक हा प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित, नोकरदार किंवा व्यापारी वर्गातील होता. या वर्गमर्यादेची नोंद घेतल्याशिवाय संस्थेचे पुढील स्थित्यंतर उमगत नाही.

दुसरी अडचण खात्रीची होती. परदेशी सुतापासून देशी मागावर विणलेले कापड स्वदेशी मानावे काय? परदेशी यंत्रावर तयार झालेल्या मालाचे काय? परदेशी कापडावर देशी छाप मारून विकणारे व्यापारी कसे ओळखावेत? सामान्य गिऱ्हाइकाला हे पारखणे शक्य नव्हते. म्हणून विशिष्ट दुकानात मिळतो तो माल स्वदेशीच, ही हमी हेच त्या दुकानाचे खरे भांडवल होते. युरोपीय डिपार्टमेंट स्टोअर दर्जाची हमी देत असे. स्वदेशी स्टोअरला दर्जाबरोबर उगमाचीही हमी द्यावी लागे.

तिसरी अडचण मालाच्या वैविध्याची होती. अनेक विभागांचे दुकान चालवावयाचे तर कापडाखेरीज साबण, काचसामान, कुलपे, शाई अशा नित्योपयोगी वस्तूही देशी हव्यात. या दिशेने महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उल्लेखनीय प्रयत्न झाले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा उद्योग आरंभिला होता. ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ चा, तर दांडेकरांचा शाईचा उद्योग १९३१ चा. अशा उद्योगांना जाहिरातीइतकीच मांडणीच्या जागेची गरज होती. देशी माल ओळीने मांडलेला एकत्र पाहावयास मिळणे, हाच स्वदेशीच्या शक्यतेचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

नाशिकच्या संदर्भात

मुंबईतील दुकानांचा हा इतिहास नाशिकसारख्या शहराला परका नाही. थळ घाटातून १८६५ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर नाशिक मुंबईच्या बाजारपेठेशी घट्ट जोडले गेले. देवळाली येथे ब्रिटिश फौजेची मोठी संक्रमण छावणी होती. बोटीने मुंबईत उतरलेले आणि परतीच्या बोटीची वाट पाहणारे सैनिक तेथे मुक्कामास असत. आर्मी अँड नेव्हीसारख्या दुकानांची सूचिपत्रे ज्या ग्राहकवर्गासाठी निघत, तो वर्ग अशा छावण्यांतच राहत होता. म्हणजे नाशिक रोडच्या एका अंगाला साम्राज्याचा ग्राहक होता, तर गोदाकाठच्या जुन्या गावठाणात स्वदेशीचा कार्यकर्ता घडत होता.

सावरकर बंधूंच्या पुढाकाराने नाशिकमध्ये १९०० साली मित्रमेळा स्थापन झाला आणि १९०४ मध्ये त्यातून अभिनव भारत ही संघटना उदयास आली. स्वदेशीचे व्रत हा या तरुणांच्या कार्यक्रमाचा भाग होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. त्यानंतर झालेल्या धरपकडीने व खटल्यांनी शहरातील सार्वजनिक जीवनावर दीर्घकाळ सावट राहिले. मुंबईत कंपनीच्या आश्रयाने स्वदेशी व्यापार चालू राहू शकला. नाशिकमध्ये मात्र स्वदेशीचा कार्यकर्ता पोलिसांच्या नजरेत संशयित ठरला. एकाच विचाराची ही दोन भवितव्ये शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न कारागिरांचा आहे. नाशिकच्या तांबटांचे काम आणि येवल्याचे रेशमी विणकाम यांची ख्याती जुनी आहे. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरनेही या व्यवसायांची सविस्तर दखल घेतली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्या-पितळेचे तयार पत्रे परदेशातून मुंबईमार्गे येऊ लागले होते. हंडा नाशिकचा, पण पत्रा विलायती, अशा वस्तूला काय म्हणावे? स्वदेशीची व्याख्या कच्च्या मालावरून करावी की हातांच्या कौशल्यावरून? चळवळीच्या भाषणांत या प्रश्नाला फारसे स्थान नव्हते. तांबट आळीत मात्र तो रोजच्या कामाचा प्रश्न होता.

व्हाइटअवेची इमारत आणि खादी

गांधीयुगात स्वदेशीची व्याख्या अधिक काटेकोर झाली. १९१९ मध्ये मुंबईत गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या भांडाराच्या नावात ‘शुद्ध’ हे विशेषण होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. ३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन होऊन खादीचे उत्पादन, विक्री व प्रमाणीकरण यांना संघटित रूप आले. सविनय कायदेभंगाच्या काळात महिलांनी परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधने केली. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मोटार अडविताना बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राणार्पण केले. ज्या वर्गाला १९०६ च्या स्वदेशी स्टोअरमधील माल परवडणे कठीण होते, त्या वर्गातील एका तरुणाने स्वदेशीसाठी सर्वांत मोठी किंमत मोजली.

खादीच्या दृष्टीने बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सची भूमिका आता मधल्या मार्गाची ठरली. गिरणीचे कापड देशी असले तरी ते खादी नव्हते. ‘स्वदेशी’ आणि ‘खादी’ या दोन संकल्पना अशा रीतीने वेगळ्या झाल्या आणि त्यांची दुकानेही वेगळी झाली.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय दुकाने मुंबईतून निघून गेली. दादाभाई नौरोजी मार्गावरील व्हाइटअवे लेडलॉच्या इमारतीत १९५४ पासून खादी एम्पोरियम नांदू लागले. संपत्तीच्या अपहरणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या दादाभाईंच्या नावाच्या रस्त्यावर, विलायती मालाच्या भव्य प्रासादात, हातकताईचे कापड विकले जाऊ लागले. सत्तांतराचे याहून बोलके दृश्य क्वचितच सापडेल. परंतु खात्रीचा जुना प्रश्न येथेही पिच्छा सोडीत नव्हता. खादीच्या अस्सलतेसाठी २०१३ मध्ये ‘खादी मार्क’ची व्यवस्था आली. बनावट खादी विकली जात असल्याच्या कारणावरून खादी व ग्रामोद्योग आयोगाने हे एम्पोरियम चालविणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारी २०२२ मध्ये रद्द केले. १९०५ मध्ये ग्राहकाने विचारलेला प्रश्न शतकानंतरही तोच होता : हा माल खरोखर तोच आहे काय?

स्वदेशी स्टोअर्स ते बॉम्बे स्टोअर

स्वतंत्र भारताच्या संरक्षित अर्थव्यवस्थेत बाजारातील बहुतेक माल देशीच होता. परदेशी माल दुर्मीळ व म्हणूनच अधिक आकर्षक झाला. अशा काळात ‘स्वदेशी’ या नावाला व्यापारी वेगळेपण उरले नाही. जे सर्वत्र मिळते त्यासाठी खास दुकान कशाला, असा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परिस्थिती पुन्हा पालटली. त्याच वर्षी मुंबईत अंधेरी येथे ‘शॉपर्स स्टॉप’चे पहिले दालन उघडले. १९९८ मध्ये टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीने ‘वेस्टसाइड’ सुरू केले आणि पुढे आर्मी अँड नेव्हीच्या जुन्या इमारतीतही त्याचे दालन आले. बाजारात परदेशी मुद्रा असलेल्या वस्तूंची रेलचेल झाली.

या स्पर्धेत जुन्या संस्थेने आपले नाव ‘द बॉम्बे स्टोअर’ असे करून नवा मार्ग निवडला. हस्तकलेच्या वस्तू, शोभेचे सामान, भेटवस्तू, चहा, सुगंधी द्रव्ये आणि वस्त्रप्रावरणे यांवर भर देण्यात आला. परदेशी पर्यटक, परदेशस्थ भारतीय आणि शहरी उच्च मध्यमवर्ग हा तिचा ग्राहक बनला. नावातून ‘स्वदेशी’ गेले आणि ‘को-ऑपरेटिव्ह’ तर त्याआधीच मागे पडले होते. उरले ते शहराचे नाव. आणि त्या शहराने १९९५ मध्ये अधिकृतपणे ‘मुंबई’ हे नाव धारण केल्यावर ‘बॉम्बे’ हेही स्मरणरंजनाचे नाव झाले.

या बदलाकडे केवळ अधःपतन म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. संस्था जिवंत ठेवावयाची तर ग्राहक शोधणे क्रमप्राप्त होते. पितळी समई वा हातमागाचे वस्त्र यांना चांगला भाव देणारे दालन कारागिराच्या हिताचेही असू शकते. तथापि, अर्थाचा बदल नोंदविणे आवश्यक आहे. १९०६ मध्ये देशी वस्तू ही गरजेची वस्तू म्हणून विकली जावी, असा प्रयत्न होता. शतकाच्या अखेरीस तीच वस्तू आठवण म्हणून विकली जाऊ लागली. पूर्वी ती रोज वापरण्यासाठी होती. आता ती भेट देण्यासाठी झाली.

वारसा कोणाकडे?

स्वदेशी स्टोअर्सच्या मूळ नावात दोन संकल्प होते : स्वदेशी आणि सहकार. पहिल्याचा वारसा खादी भांडारे आणि हस्तकला दालने यांच्याकडे अंशतः गेला. दुसऱ्याचा वारसा मात्र भलत्याच ठिकाणी बहरला. १९४८ मध्ये मुंबईच्या नायगाव या कामगारवस्तीत सुरू झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ उभे राहिले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घरोघरच्या ग्राहकांचे गट करून एकत्रित खरेदी व वाटपाची पद्धत रुजविली. येथे ना भव्य इमारत होती, ना सजावट. पण ग्राहकाच्या मालकीचे तत्त्व प्रत्यक्षात होते. टिळककालीन भांडाराच्या नावातील ‘को-ऑपरेटिव्ह’ हा शब्द कोट भागात नाही, तर कामगारांच्या चाळींत आणि मध्यमवर्गीयांच्या घरांत सार्थ झाला.

नाशिकसारख्या शहरात आज मॉल संस्कृती स्थिरावली आहे. २०१२ मध्ये बहुविध मुद्रांच्या किरकोळ व्यापारात एक्कावन्न टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला धोरणात्मक मान्यता मिळाली, तेव्हा झालेल्या वादात स्वदेशीचा शब्द पुन्हा उच्चारला गेला. येवल्याच्या पैठणीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. तरीही यंत्रमागावरील नकलेपासून अस्सल पैठणी वेगळी काढण्याचा प्रश्न विणकरापुढे कायम आहे. उगमाची खात्री, परवडणारा भाव आणि कारागिराचा वाटा ही तिन्ही एकत्र साधणारे दुकान अद्याप घडावयाचे आहे.

निष्कर्ष

१. बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स ही स्वदेशी चळवळीची विधायक निर्मिती असून बहिष्काराच्या राजकारणाला नित्याच्या व्यवहाराचा आधार देण्याचा तो प्रयत्न होता.

२. युरोपीय डिपार्टमेंट स्टोअरचे तंत्र स्वीकारून त्याचा आशय बदलण्याचे धोरण या संस्थेने अवलंबिले. तंत्र मात्र निर्हेतुक नसते; कालांतराने त्याने आशयावरही आपला ठसा उमटविला.

३. कंपनीच्या कायदेशीर रूपामुळे संस्थेला दीर्घायुष्य लाभले. त्याच रूपामुळे चळवळीशी असलेले तिचे नाते सैल होत गेले. टिकणे आणि मूळ हेतूशी एकनिष्ठ राहणे या दोहोंतील ताण संस्थांच्या इतिहासात सर्वत्र आढळतो. येथे तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

४. देशी मालाची किंमत आणि ग्राहकाची ऐपत यांतील अंतर आरंभापासूनच होते. त्यामुळे स्वदेशी भांडाराचे उच्चभ्रू दालनात झालेले रूपांतर हा अपघात नसून त्या अंतराचीच परिणती होती.

५. नाशिकच्या तांबटाचा आणि येवल्याच्या विणकराचा प्रश्न स्वदेशीच्या इतिहासात केंद्रस्थानी येणे आवश्यक आहे. दुकानाचा इतिहास नेते, भागधारक आणि ग्राहक यांच्यावर पूर्ण होत नाही. मांडणीत ठेवलेली वस्तू ज्या हातांनी घडविली, त्या हातांना तिच्या किमतीतील किती वाटा मिळाला, या प्रश्नाचा जिल्हावार अभ्यास झाल्यास स्वदेशीच्या अर्थकारणाचे चित्र अधिक पूर्ण होईल.